पालवणकर बंधूंचा बहिष्कार, १९२०

खेळाडूने राजकारणात पडावे की नाही, हा वाद दर दोन-चार वर्षांनी नव्याने पेटतो. अमेरिकेत कोणी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकतो, आपल्याकडे कोणी कुस्तीगीर पदके गंगेत सोडायला निघतात, आणि लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, खेळाडूने खेळावे आणि गप्प बसावे. दुसरा म्हणतो, तो आधी नागरिक आहे. या चर्चेत हटकून एक छायाचित्र पुढे येते : १९६८ सालचे मेक्सिको ऑलिम्पिक, विजयमंचावर काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावून उभे असलेले टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. जणू खेळाडूंच्या निषेधाचा इतिहास तिथेच सुरू होतो.

आजचा धागा त्याच्या अठ्ठेचाळीस वर्षे आधीच्या, मुंबईतल्या एका घटनेविषयी आहे. तिथे मूठ उंचावली गेली नाही, घोषणाही झाली नाही. दोन भावांनी संघातून आपली नावे काढून घेतली आणि वर्तमानपत्रात एक निवेदन दिले, एवढेच घडले. पण त्या निवेदनात जे लिहिले होते, ते त्या काळी भारतीय मैदानावर कोणी उघडपणे बोलत नसे.

धागा लांब आहे, सवडीने वाचा.

पालवणकर हे नाव क्रिकेटच्या वेडापायी काही जणांनी ऐकले असेल. मूळ गाव कोकणातले पालवण, जात चर्मकार, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘अस्पृश्य’. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. थोरला मुलगा बाळू, त्याच्या पाठचे शिवराम, विठ्ठल आणि गणपत. चौघेही पुढे मोठ्या सामन्यांत खेळले. पण सुरुवात मैदान झाडण्यापासून झाली.

बाळू आधी पुण्यातल्या पारशांच्या एका क्लबात कामाला लागला. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला; तिथे चार रुपये मिळू लागले. काम तेच, भर इतकीच की जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची. पुढे साहेबांच्या सरावासाठी गोलंदाजी करायची संधी मिळाली. डाव्या हाताची संथ फिरकी, टप्पा अचूक, चेंडू दोन्हीकडे वळणारा. कॅप्टन ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज बाळूसमोर तासन्‌तास सराव करी, आणि प्रत्येक वेळी बाद झाला की बाळूला आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचा हिशेब खरा असो वा नसो, एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. इतकी वर्षे गोलंदाजी करूनही पूना क्लबात बाळूच्या हाती बॅट कधी आली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकरांची. हा भेद केवळ हिंदुस्थानातला नव्हता. इंग्लंडमध्येही घाम गाळून गोलंदाजी करणारे बहुधा पगारी खेळाडू असत आणि डौलदार फलंदाजी ‘जंटलमन’ लोकांची मानली जाई.

हा ‘पगारी’ शब्द पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

इंग्लिश क्रिकेटमध्ये तेव्हा खेळाडूंचे दोन वर्ग होते. हौशी म्हणजे ‘जंटलमन’, धंदेवाईक म्हणजे ‘प्लेअर’. दोघांच्या खोल्या वेगळ्या, पुष्कळ ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. कर्णधार मात्र हौशीच असायचा, मग त्याला खेळ येवो अथवा न येवो. विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाचे रीतसर कर्णधारपद एखाद्या धंदेवाईक खेळाडूला मिळायला १९५२ साल उजाडले. तो लेन हटन. त्याआधी १९२६ मध्ये कर्णधार कार आजारी पडल्यामुळे जॅक हॉब्जने एका कसोटीत तात्पुरती धुरा सांभाळली, तर तीही बातमी झाली होती. म्हणजे कर्णधारपद हे कौशल्याचे नव्हे, तर दर्जाचे लक्षण होते. हीच कल्पना आपण इंग्रजांकडून जशीच्या तशी उचलली आणि आपल्या जातिव्यवस्थेवर बसवली. दोन्ही एकमेकींत इतक्या चपखल बसल्या की त्यांतली साहेबाची कुठली आणि आपली कुठली, हे सांगणे पुढे कठीण झाले.

बाळूचे कौशल्य पाहून पुण्यातल्या हिंदू क्लबापुढे पेच पडला. युरोपियन संघाला हरवायचे तर हा गोलंदाज हवा, पण त्याला सोबत घ्यायचे म्हणजे विटाळ. काही सभासदांचा विरोध होता, काहींचा पाठिंबा. अखेर तोडगा निघाला, आणि तो इतका आपल्याकडचा आहे की वाचताना हसावे की खंत करावी ते कळत नाही. मैदानावर बाळू सगळ्यांबरोबर खेळेल, त्याच चेंडूला सगळे हात लावतील. पण चहाच्या वेळी तो तंबूबाहेर बसेल, त्याचा चहा मातीच्या कुल्हडात येईल, जेवणाचे ताट वेगळे असेल. चेंडू विटाळत नव्हता, कप मात्र विटाळत होता!

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूने सात गडी बाद केले आणि पुण्यात त्याचा गौरव झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी हिंदू खेळाडूंना सुनावले की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात संकोच का? टिळकांनीही त्याचे कौतुक केले. सुधारक आणि राष्ट्रवादी या दोन्ही गोटांना बाळू हवासा वाटला, हे त्या काळाच्या पुण्यात विशेषच म्हटले पाहिजे.

१८९६ च्या प्लेगनंतर पालवणकर मुंबईला आले. बाळू पुढे बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला लागला आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. मुंबईतले वातावरण पुण्यापेक्षा बरेच मोकळे होते. इथे सहभोजनाची अडचण राहिली नाही. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने या विजयाचे श्रेय खेळाइतकेच, या भावांना संघात घेण्याच्या निर्णयाला दिले. हजारो तरुण हिंदूंची मने मोकळी करण्याचे जे काम इतर क्षेत्रांतल्या प्रयत्नांना जमले नाही ते या एका गोष्टीने केले, असा त्या लेखाचा आशय होता. सुधारकांचा उत्साह थोडा बाजूला ठेवला, तरी त्यात तथ्य होते.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वसमावेशक संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. त्यांचे लक्ष क्रिकेटपेक्षा राज्यारोहण समारंभ आणि मेजवान्यांवर अधिक होते, हे सर्वश्रुत आहे. संघ बहुतेक सामने हरला. बाळू मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेऊन परतला, सरासरी १८.८४. तेव्हा तो पस्तिशीत होता. इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्याची तुलना होऊ लागली. मुंबईत परतल्यावर दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाचे नाव जोडले जाते. विशीतल्या आंबेडकरांना बाळू हा अभिमानाचा विषय होता, हे ध्यानात असू द्या. पुढे दोघे एकमेकांसमोर येणार आहेत.

आता मुख्य विषयाकडे.

त्या काळच्या मुंबईत क्रिकेटचा सर्वांत मोठा उत्सव म्हणजे चौरंगी सामने. १९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमान संघ आला आणि ती चौरंगी झाली. संघ धर्मावर बांधलेले होते. त्यामुळे हिंदू संघाचा कर्णधार म्हणजे नुसता नाणेफेक करणारा गडी नव्हे. तो ‘हिंदू समाजाचा’ प्रतिनिधी ठरे. मग एका चर्मकाराने हिंदूंचे प्रतिनिधित्व करावे काय?

प्रश्न असा उघडपणे कोणी विचारला नाही. दर वर्षी कर्णधाराची निवड होई, दर वर्षी बाळूचे नाव चर्चेत येई, आणि दर वर्षी दुसऱ्या कोणाची निवड होई. एवढेच. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांच्या सत्काराच्या वेळी त्यांनी स्वतःच सांगितले की हा मान खरे तर बाळूचा, कारण तो ज्येष्ठ आणि अधिक अनुभवी. पै ब्राह्मण होते. आपल्याला मिळालेल्या मानाविषयी भर सभेत असे बोलणारे किती निघतील? पण बोलणे निराळे आणि पद नाकारणे निराळे, हेही नमूद केले पाहिजे. पैंनी पद नाकारले नाही, आणि बाळूनेही तक्रार केली नाही. नोकरी रेल्वेची, खेळ जिमखान्याचा. तक्रार केल्यास दोन्ही पणाला लागण्याचा धोका होता.

तक्रार न करता त्याने सात वर्षे आणखी काढली.

मग १९२० उजाडले. हे वर्ष समजून घेतल्याशिवाय पुढची घटना कळणार नाही. ३१ जानेवारीला आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. मार्चमध्ये कागल संस्थानातल्या माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. तिथे शाहू महाराजांनी आंबेडकरांना तुमचा खरा पुढारी म्हणून लोकांपुढे उभे केले. मे महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपुरात, शाहू महाराजांच्याच अध्यक्षतेखाली, अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. आपले वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. पूर्वीचा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्येच मोडला गेला होता. वऱ्हाडाच्या दृष्टीने या साऱ्या घडामोडी मुंबईपेक्षा नागपुरातच अधिक जवळ घडत होत्या. जुलैत आंबेडकर अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला रवाना झाले. १ ऑगस्टला टिळक गेले. आणि डिसेंबरात पुन्हा नागपूर : काँग्रेसचे अधिवेशन, असहकाराचा ठराव, आणि अस्पृश्यतानिवारणाशिवाय स्वराज्य नाही हे गांधींचे आग्रहाचे म्हणणे.

‘असहकार’ हा शब्द हवेतच होता. पालवणकरांनी तो मैदानात आणला.

त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंचा पहिला सामना मुसलमान संघाशी होता. बाळूचे वय चाळिशीच्या पुढे गेलेले. त्याला संघातून वगळले. कर्णधार पै आजारी पडले. आता धुरा कोणाकडे जावी? विठ्ठल पालवणकर हा त्या वेळी हिंदूंचा सर्वांत भरवशाचा फलंदाज होता, अनुभवानेही पुढे होता. निवड समितीने मात्र पुण्याच्या दि. ब. देवधरांची निवड केली.

देवधर म्हणजे तेच ते प्रोफेसर देवधर, पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे भीष्माचार्य म्हणून गाजलेले. ते तेव्हा अठ्ठाविशीत होते, सुशिक्षित होते, ब्राह्मण होते, आणि विठ्ठलपेक्षा कनिष्ठ होते. त्यांच्या गुणवत्तेबद्दल वाद नाही. हा निर्णय समितीचा होता, देवधरांचा नव्हे. इथे त्यांना खलनायक करण्याची घाई करू नका.

विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, आणि तिची कारणे निवेदनाद्वारे जाहीर केली. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने या प्रकरणाला जागा दिली. निवेदनाचा रोख स्पष्ट होता. एखाद्या ज्येष्ठ खेळाडूला कर्णधार केले असते तर आमचे काही म्हणणे नव्हते. पण खेळातली योग्यता डावलून सामाजिक दर्जा आणि शिक्षण यांच्या जोरावर कनिष्ठाची निवड होते, तेव्हा तो आम्हा तथाकथित ‘दलित वर्गा’तल्या खेळाडूंचा अपमान आहे, स्वाभिमान गहाण टाकून आम्ही खेळू शकत नाही.

यातला ‘तथाकथित’ हा भाव मला फार मोलाचा वाटतो. ते आपली जात लपवत नाहीत, आणि तिच्यावर लादलेला दर्जाही मान्य करत नाहीत.

आता या कृतीतला धोका मोजून पाहा. निषेध करणाऱ्या खेळाडूला आजही पहिला प्रश्न असतो तो पोटाचा. मुहम्मद अलीने १९६७ मध्ये सैन्यात भरती होण्यास नकार दिला तेव्हा त्याचे जगज्जेतेपद गेले आणि ऐन उमेदीची तीनेक वर्षे तो रिंगणाबाहेर राहिला. स्मिथ आणि कार्लोस यांना ऑलिम्पिकमधून घरी धाडण्यात आले आणि पुढे कित्येक वर्षे हलाखी सोसावी लागली. पालवणकरांपाशी तर ऑलिम्पिक पदकाचेही कवच नव्हते. त्यांच्या प्रतिष्ठेचा एकमेव आधार म्हणजे हिंदू जिमखान्याचा संघ, आणि त्याच जिमखान्याला त्यांनी जाहीरपणे जातीयवादी ठरवले. शिवाय त्यांचा सर्वांत तडफदार पाठीराखा होऊ शकला असता असा माणूस लंडनमध्ये अभ्यासात गढलेला होता. पाठीमागे पक्ष नव्हता, संघटना नव्हती.

निवड समितीला वाटले असेल की दोघे नसले तरी काम भागेल. आणि भागलेही! पालवणकरांविना हिंदूंनी मुसलमान संघाला हरवले. बहिष्कार टाकणाऱ्याला याहून वाईट बातमी नाही, कारण आपल्यावाचून कोणाचे अडत नाही हे सिद्ध झाल्यावर मागे उरतो तो फक्त नैतिक मुद्दा, आणि नैतिक मुद्द्याला निवड समित्या सहसा भीक घालत नाहीत.

या वेळी मात्र घातली. अंतिम सामना पारशांशी होता. हिंदू प्रेक्षकांत आणि वर्तमानपत्रांत चर्चा एवढी वाढली होती की जिमखान्याला स्वस्थ बसणे शक्य नव्हते. तडजोड झाली. बरे झालेले पै कर्णधार म्हणून परतले. वगळलेल्या बाळूला संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम परत आले. आणि सामना चालू असताना पै मैदान सोडून बाहेर गेले, जेणेकरून त्या अवधीत हिंदूंच्या संघाचे नेतृत्व बाळू पालवणकर करील. सामना अनिर्णित राहिला; हिंदू आणि पारशी यांना विजेतेपद विभागून मिळाले.

म्हणजे एका चर्मकाराने हिंदूंचे नेतृत्व केले ते असे : कागदावर नव्हे, कर्णधाराच्या सौजन्याने, काही काळापुरते. पैंनी सात वर्षांपूर्वी शब्दाने कबूल केलेले ऋण या वेळी कृतीने अंशतः फेडले, असे म्हणता येईल. समितीला मात्र ‘आम्ही चुकलो’ असे म्हणावे लागले नाही. तडजोडीचे हे जुने कसब आहे. अन्याय दूर करायचा, पण तो झाला होता हे मान्य करायचे नाही.

आणखी तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा रीतसर कर्णधार झाला. अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवले. सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवले, जातिभेद विसरणाऱ्या हिंदूंचा जयजयकार झाला. ‘क्रॉनिकल’मध्ये एका वाचकाने लिहिले की या विजयातून घेण्याचा बोध एकच, अस्पृश्यता गेली की स्वराज्य येईल, हे महात्म्याचे भाकीत खरे आहे. विठ्ठलच्या नेतृत्वाखाली १९२५ आणि १९२६ मध्येही हिंदूंनी ही स्पर्धा जिंकली.

लोकांच्या प्रतिसादाचे हे दुसरे रूप आहे आणि ते पहिल्यापेक्षा अधिक विचार करायला लावणारे आहे. १९२० मध्ये ज्यांच्या निवेदनाने समाज अस्वस्थ झाला, त्यांनाच १९२३ मध्ये त्या समाजाने खांद्यावर घेतले. या मधल्या तीन वर्षांत विठ्ठलची जात बदलली नव्हती, फलंदाजी तर वयाने थोडी उतरलीच असेल. बदलला होता तो समाजाचा स्वतःकडे पाहण्याचा दृष्टिकोन. पण त्या जयघोषात कौतुक कोणाचे होते? विठ्ठलचे होते, आणि त्याहून अधिक जात ‘विसरणाऱ्या’ हिंदूंचे होते. आपण किती उदार, याचा तो आनंद होता. ती उदारता मागून, भांडून, बहिष्कार टाकून मिळवावी लागली होती, हे त्या गर्दीत कोणी बोलल्याचे दिसत नाही. मुहम्मद अलीचेही असेच झाले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत त्याच्या थरथरत्या हातांनी पेटवली तेव्हा साऱ्या अमेरिकेचे डोळे पाणावले. १९६७ मधली अमेरिका तीच होती.

इथे कथा संपवली असती तर ती गोड झाली असती. पण बाळूचे उत्तरायुष्य त्या गोडीत बसत नाही.

क्रिकेट सुटल्यावर तो राजकारणात आला, आणि त्याने धरलेली वाट आंबेडकरांची नव्हती. गांधी आणि काँग्रेस यांच्याबरोबर राहून हिंदू समाजाच्या आतूनच सुधारणा होईल, अशी त्याची श्रद्धा होती. तिचा उगम कुठे असावा हे वरची हकीकत वाचल्यावर उमगते. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात कुल्हड जाऊन कप आला होता, भावाला कर्णधारपद मिळाले होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत पी. बाळू हे नाव आहे. १९३५ मध्ये येवल्यात आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा बाळूने धर्मांतराच्या कल्पनेला विरोध केला. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांसमोर मुंबईच्या राखीव जागेसाठी उभे केले ते बाळू पालवणकरलाच. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूला ११,२२५. फरक अवघा २,०२० मतांचा.

हा आकडा पाहून अनेक जण चकित होतात. बाळू किती लोकप्रिय होता याचा हा पुरावा आहे. पण मला वाटते, याच निवडणुकीने त्याच्या विस्मरणाचीही पायाभरणी केली. आंबेडकरी चळवळीला आपल्या नेत्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस नायक म्हणून मिरवणे अवघड. काँग्रेसच्या दृष्टीने तो पराभूत उमेदवार. आणि क्रिकेटच्या इतिहासाला कसोटी दर्जा मिळण्यापूर्वीच्या खेळाडूंची फारशी आठवण नाही; हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर झाला, तेव्हा बाळू पन्नाशी उलटून गेला होता. ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, त्यातले बहुतेक तिशी-पस्तिशीनंतरचे. १९५५ मध्ये तो वारला. निषेध करणाऱ्या खेळाडूने पुढे आयुष्यभर आपल्याला पटेल तीच भूमिका घ्यावी, अशी अपेक्षा जनता करते. बाळूने ती पुरी केली नाही. तो त्याच्या अनुभवातून आलेल्या मताशी प्रामाणिक राहिला, चूक असो की बरोबर.

जाता जाता दोन गोष्टी. पालवणकरांनंतर निषेधाचे हत्यार मैदानात रुळले, पण ते फार वेगळ्या हातांत गेले. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याच्या वेळी सविनय कायदेभंगाचे पुढारी तुरुंगात होते. विजय मर्चंट, एल. पी. जय आणि चंपक मेहता यांनी निवड चाचणीपासून दूर राहणे पसंत केले. मर्चंटची पहिली कसोटी त्यामुळे लांबली. नागपूरचे सी. के. नायडू त्या दौऱ्यावर गेले आणि कर्णधार म्हणून इतिहासात नोंदले गेले. दोघांपैकी कोणाला चूक ठरवायचे? त्या काळच्या जनतेने दोघांनाही डोक्यावर घेतले, हे खरे उत्तर.

दुसरी गोष्ट आपल्या विदर्भातली. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला गांधींकडे गेले. तोवर एक पाचवा संघ वाढून सामने पंचरंगी झाले होते. पवनारला विनोबांनी सुरू केलेला वैयक्तिक सत्याग्रह ताजा होता, कार्यकर्ते तुरुंगात जात होते. अशा वेळी सामने खेळावेत काय, असा प्रश्न होता. गांधींनी त्याहून मूळ गोष्टीला हात घातला : धर्मावर संघ बांधणेच त्यांना मान्य नव्हते. जिमखान्यात मोठी वादावादी झाली आणि हिंदू संघाने त्या वर्षी माघार घेतली. लोकमत दुभंगले. ‘खेळात राजकारण नको’ हे वाक्य तेव्हाही तितक्याच आवेशाने म्हटले गेले. गंमत अशी की तीनच वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, याच हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतले होते ते नव्या ब्रेबॉर्न स्टेडियममध्ये आपल्या वाट्याला पुरेशा जागा आल्या नाहीत म्हणून! खुर्च्यांसाठी बहिष्कार टाकता येतो, तत्त्वासाठी टाकला की मात्र ते राजकारण होते. १९४६ नंतर ही स्पर्धा कायमची बंद झाली.

ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी एक खूण देऊन ठेवतो. विठ्ठल पालवणकरने १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिले, ‘माझे क्रीडा-जीवन’. रामचंद्र गुहा यांनी या भावांची हकीकत इंग्रजी वाचकांपुढे आणली ती पुष्कळ नंतर. हे मराठी पुस्तक दुकानात सहजासहजी मिळत नाही. जुन्या सार्वजनिक वाचनालयांच्या कपाटांत एखादी प्रत असू शकते. तुमच्या गावच्या वाचनालयात जाऊन क्रीडा किंवा चरित्र विभागाची नोंदवही चाळून पाहा. प्रत सापडली तर धाग्याखाली अवश्य कळवा.